सोंगाड्याचे देणे

'सोंगाड्या' १९७१ साली पडद्यावर आला. त्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली. या काळात मराठी चित्रपटाचे तंत्र बदलले, भाषा बदलली, प्रेक्षकही बदलला. तरीही दूरचित्रवाणीवर हा चित्रपट लागला की आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर समोर येऊन बसते आणि नाम्याच्या पहिल्याच वाक्याला हसू लागते. दादा कोंडके यांच्या नंतरच्या चित्रपटांची नावे बैठकीत उच्चारताना जी मंडळी आजही चाचरतात, तीही 'सोंगाड्या'चे नाव मोकळेपणाने घेतात. हे कशामुळे घडते, याचा विचार व्हायला हवा.

द्व्यर्थी संवाद हे त्याचे ठरलेले उत्तर आहे. ते अपुरे आहे. केवळ द्व्यर्थी संवादांवर चित्रपट पन्नास वर्षे तग धरत नाही. तशा संवादांची नक्कल करणारे कितीतरी चित्रपट पुढे आले आणि विस्मृतीत गेले. मूळ कारण त्या कथेच्या दृष्टीत आहे.

'सोंगाड्या'च्या आधी आणि नंतर तमाशावर जे गाजलेले मराठी चित्रपट निघाले, ते आठवून पाहावेत. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी' ही फडाच्या नादाने घसरलेल्या आणि पुढे सावरलेल्या विद्वान शाहिराची कथा आहे. पुण्यात १३१ आठवडे चाललेला १९५९ चा 'सांगत्ये ऐका' अन्यायाची आणि सूडाची गोष्ट सांगतो. १९७२ चा 'पिंजरा' म्हणजे एका आदर्श शिक्षकाचे फडाच्या पायरीवर झालेले अधःपतन. तिन्ही कलाकृती मोठ्या आहेत. परंतु त्यांत तमाशा ही प्रामुख्याने धोक्याची जागा आहे. सज्जनाने तेथे पाऊल टाकले की त्याची परीक्षा सुरू झालीच.

'सोंगाड्या' या वाटेने जात नाही. नाम्या हा आईच्या धाकात वाढलेला भाबडा खेडूत. मित्रांच्या संगतीने तो तमाशाला जातो, कलावतीच्या नाचाने वेडावतो आणि घराबाहेर काढला जातो. इथवरची कथा जुन्याच वळणाची आहे. पण पुढे फड त्याला नासवत नाही, आसरा देतो. उषा चव्हाण यांनी उभी केलेली कलावती भोळ्या माणसाचे भोळेपण ओळखणारी बाई आहे. तमाशाकडे बाहेरून, नाक मुरडून किंवा हळहळून न पाहता त्याच्या राहुटीत मांडी घालून बसलेला हा चित्रपट आहे. म्हणूनच त्यातील हसण्याला कडवटपणा नाही. रत्नमाला यांची आई कितीही कडाडली तरी तिच्या कडाडण्यामागची माया प्रेक्षकाला दिसत राहते, आणि राम कदम यांचे संगीतही उसने वाटत नाही. तो ठेका गावच्या जत्रेतलाच आहे.

ही दृष्टी आली कोठून? ती लोकनाट्यातून आली. चित्रपटाची कथा वसंत सबनीसांची. त्यांच्याच 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातील हवालदाराने दादा कोंडके यांना महाराष्ट्रभर नेले. ते नाटक पाहून प्रभावित झालेल्या आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि १९६९ च्या 'तांबडी माती'तून दादा पडद्यावर आले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतः 'सोंगाड्या'ची निर्मिती केली. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्याला डावलून देव आनंद यांच्या हिंदी चित्रपटाला जागा दिली जात होती. तेव्हा बाळासाहेब ठाकरे त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि चित्रपट लागला, हा इतिहास मराठी माणसाला ठाऊक आहे. एका मराठी चित्रपटाला स्वतःच्या भूमीत जागा मिळवून देण्यासाठी समाज उभा राहू शकतो, हे त्या वेळी दिसले. पुढे येणाऱ्या मुद्द्यासाठी एवढे स्मरणात ठेवावे.

आता चित्रपटाच्या नावाकडे वळू. सोंगाड्या हे पात्र तमाशाच्या फडातले. गणेशाला वंदन करणारा गण होतो, मग कृष्ण-पेंद्या-मावशी यांची गवळण रंगते, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत बाजाराला निघालेल्या गौळणींची थट्टा करणारा, वगात राजालाही चारचौघांत सरळ प्रश्न विचारणारा तो सोंगाड्या. त्याच्या हाती लिहून दिलेली संहिता नसते. गावात सकाळी काय घडले, पाण्याची पाळी कोणी चुकवली, निवडणुकीत कोणाची फजिती झाली, हे सारे तो सायंकाळपर्यंत हेरतो आणि रात्री वगात पेरतो. रयतेच्या मनातले बोलण्याचा परवाना समाजानेच त्याला दिलेला आहे. नाथांच्या भारुडांतही सोंगे आहेत आणि त्या सोंगांच्या तोंडून कानउघाडणी आहे. दोन्हींची माती एकच.

या सोंगाड्याचे माहेर पाहायचे तर पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यातील नारायणगावी जावे. शिवनेरीच्या परिसरातील हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, राहुटीत बसतात, जत्रेची तिथी सांगतात आणि सुपारी ठरते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच गावचा. त्याच घराण्यातील विठाबाईंनी भारत-चीन युद्धाच्या काळात सीमेवरील जवानांसमोर कला सादर केली, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळवला, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या उतारवयातील हलाखीची कहाणी साऱ्या महाराष्ट्राने हळहळत वाचली. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे. पण त्याने फड चालत नाहीत.

फड चालतात ते जत्रांवर. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके जत्रांचे. चैत्र-वैशाखात गावोगावच्या ग्रामदैवतांचे उत्सव, पौषात आंबेगावातील थापलिंगाची यात्रा. सकाळी मांडव-डहाळे, दिवसा बैलगाडा, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, हा येथला परंपरागत क्रम. त्यातला बैलगाडा २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबला. तेव्हा या भागातील शेतकरी स्वस्थ बसला नाही. मोर्चे निघाले, विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. परंपरेसाठी नऊ वर्षे चिकाटीने झगडणारा समाज हाच आहे.

त्याच जत्रेतील रात्रीचा तमाशा मात्र कोणत्याही न्यायालयाने न थांबवता विरत चालला आहे. त्यासाठी मोर्चा निघालेला नाही. २०२० आणि २०२१ या दोन्ही हंगामांत महामारीमुळे जत्रा बंद राहिल्या. फडमालक सावकाराच्या दारात गेले, कलावंत मजुरीला लागले. जत्रा पुन्हा भरू लागल्या तेव्हा मागणी बदललेली होती. गण-गवळण आटोपती घ्या, वग नको, चित्रपटातील गाणी लावा, असे समोरून ओरडून सांगितले जाते. वग गेला की सोंगाड्याचे काम संपले. मग उरतो तो वाद्यवृंद आणि नाच. असा तमाशा पाहून आपणच म्हणतो की तमाशाचा दर्जा घसरला.

येथे मध्यमवर्गीय वाचकाच्या मनातील आक्षेप टाळून चालणार नाही. तमाशात अश्लीलता असते, कुटुंबाने तो कसा पाहावा? आक्षेप जुना आहे आणि सर्वस्वी निराधारही नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने याच कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती उठली, पण संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. उत्स्फूर्ततेवर जगणाऱ्या सोंगाड्याला कागद दाखवून बोलावे लागले. या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट ध्यानात येते. सुजाण प्रेक्षक उठून गेला की मंच हुल्लडबाजांच्या स्वाधीन होतो. कीर्तनाला आई-वडील, मुले-सुना बसतात, म्हणून कीर्तनकार तोलून बोलतो. तमाशासमोरून कुटुंबे उठली आणि त्याचा तोल राखणारे कोणी उरले नाही. अश्लीलतेला आपल्या अनुपस्थितीनेही खतपाणी मिळाले आहे.

दुसरी बाब अधिक बोचरी आहे. फडातील बहुसंख्य कलावंत मांग, महार, कोल्हाटी अशा, गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवलेल्या समाजांतून आले. पठ्ठे बापूराव यांच्यासारखा कुलकर्णी त्यांच्यात जाऊन मिसळला, तो अपवाद म्हणूनच आठवला जातो. त्यांच्या कलेतून घडलेल्या चित्रपटावर आपण घरात बसून मनमुराद हसतो आणि तेच कलावंत गावात आले की दार लावून घेतो. समरसतेचा उच्चार करणाऱ्यांनी तरी ही विसंगती आपल्या अंगणात खपवून घेऊ नये.

मग करायचे काय? फार मोठी योजना लागत नाही. जत्रेची वर्गणी गाव देते, सुपारी यात्रा समिती ठरवते आणि त्या समितीत आपलीच माणसे असतात. सुपारी ठरवतानाच गण, गवळण आणि पूर्ण वग झालाच पाहिजे, अशी अट घालता येईल. प्रयोग रात्री उशिरा सुरू न करता जेवणवेळेनंतर लगेच सुरू करता येईल, म्हणजे स्त्रिया आणि मुलेही बसतील. हुल्लड करणाऱ्याला गावच्या तरुणांनी बाहेर काढावे. कलावंतांना निवाऱ्याची, पाण्याची आणि शौचालयाची नीट सोय असावी. सकाळी निरोप देताना यजमानाने पाहुण्याला द्यावा तसा नारळ द्यावा. आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला स्थिरावलेल्या, जत्रेपुरत्या गावी येणाऱ्या कुटुंबांनी देवाचे दर्शन घेऊन परतीची घाई न करता एक रात्र फडासमोर बसावे.

१९७१ साली एका सोंगाड्याला चित्रपटगृहात जागा मिळावी म्हणून समाज रस्त्यावर उतरला. नाम्याला राहुटीत जागा देणारे फड आज गावच्या जत्रेत आपली जागा गमावत आहेत. येत्या पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांत जे कारभारी सुपारी द्यायला जातील, त्यांनी गाण्यांची यादी मागण्याआधी एकच प्रश्न विचारावा: यंदा वग कोणता?