थंडीची गोडी आणि रात्रीचं ओलीत

डिसेंबर लागला की बुलढाणा शहराला खरा रंग चढतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे 650 मीटर उंचीवर वसलेलं हे आपलं जिल्ह्याचं ठिकाण. घाटाखालचा पाहुणा उन्हाळ्यात राजूर घाट चढून आला की सुखावतो आणि हिवाळ्यात कान बांधूनच एसटीतून उतरतो. भल्या पहाटे फिरायला निघणाऱ्यांची गर्दी वाढते, चहाच्या गाड्यांपुढे हात चोळत माणसं उभी राहतात. बाजारात ओल्या हरभऱ्याच्या पेंड्या, तुरीच्या शेंगा, बोरं, कांद्याची पात आणि भरताची मोठाली वांगी येतात. मोताळा-मलकापूरकडे अजूनही तुऱ्हाट्या पेटवून त्यांच्या जाळावर वांगी भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, येणारही नाही. पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं सुट्टीत घरी येतात, तेव्हा पहिली फर्माईश याच भरताची असते.

या थंडीवर माझं मनापासून प्रेम आहे. गहू आणि हरभरा तर तिच्यावरच पोसतात. आभाळ निरभ्र असलं की जमिनीनं दिवसा घेतलेली ऊब रात्री निघून जाते, पहाटे दव पडतं आणि पीक तरारतं. चार दिवस ढगाळ गेले की शेतकरी घाटेअळीच्या धास्तीनं हरभऱ्याचे शेंडे उलटून पाहू लागतो. कापूस वेचणाऱ्या बायाही दव सुकेपर्यंत थांबतात, कारण 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा भरला की हमीभावाच्या खरेदीत तो माल घेत नाहीत. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो याच कापसासाठी. इथल्या कापसानं किती घरांच्या गाद्या-रजया भरल्या असतील!

शहरातही थंडी सगळ्यांना सारखी नसते. पहाटे झाडू मारणारे कामगार, दुधाचे कॅन घेऊन निघालेली माणसं, दवाखान्याच्या ओट्यावर पातळ चादरीत रात्र काढणारे रुग्णांचे नातेवाईक हे सगळे आपल्याला दिसतात. दिसतात म्हणून कुणी ब्लँकेट वाटतं, कुणी चहा देतं. ते थांबू नये. पण आपण रजईत असताना शहराच्या दिव्यांपलीकडे जो माणूस ओल्या शेतात उभा असतो, तो कुणालाच दिसत नाही.

शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की रात्रीच ओलीत. पंप सुरू करायला ‘ऑटो’ बसवला तरी तुषारचे पाइप आपोआप पुढे सरकत नाहीत. एक पट्टा भिजला की वीज असेपर्यंतच दुसरा घ्यायचा असतो. बॅटरी तोंडात धरायची, पाइपाचा क्लॅम्प सोडायचा, आत उरलेलं पाणी बाह्यांतून थेट काखेपर्यंत येतं. मग तो पाइप खांद्यावर घेऊन चिखल तुडवत पुढच्या पट्ट्यात जायचं. हरभऱ्यावर दव असेल तर पानांची आंब पायांना लागते आणि थंडीनं उललेल्या टाचा चरचरतात. हीच आंब पोटदुखीवर चांगली म्हणून आया-बाया रात्री पिकावर धडपा पसरून गोळा करतात, पण भेगाळलेल्या पायाला ती सोसवत नाही. बांधावर शेकोटी असते, पण जाळापाशी बसायला वेळ कुठं असतो?

‘एवढी थंडी आहे तर एक रात्र नका जाऊ’ असं म्हणणारे लोक मला भेटतात. गव्हाला पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. त्या वेळचं पाणी चुकलं तर फुटवे कमी निघतात, आणि ती तूट पुढे कितीही पाणी देऊन भरत नाही. हरभऱ्याला फुलं लागायच्या आधी आणि घाटे भरताना पाणी हवं असतं. अशी पाणी द्यायची वेळ आणि रात्रीची पाळी एकत्र आली की घरातला माणूस निघतोच. बोथा, देव्हारी या बाजूला तर ज्ञानगंगा अभयारण्य शेताला लागून. 2019 च्या अखेरीस टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथं मुक्कामाला होता, तेव्हा देशभर कौतुक झालं. अस्वलं आणि बिबटे मात्र इथं कायमचेच. ज्याला त्याच शिवारात रात्री दोन वाजता कॉक फिरवायला जायचं असतं, त्याच्या घरी तो परत येईपर्यंत कुणी डोळ्याला डोळा लावत नाही.

यावर उपाय आहे आणि तो सरकारलाही मान्य आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. गावाजवळच्या सौर प्रकल्पातली वीज कृषी वाहिनीवर द्यायची, म्हणजे ओलीत दिवसा होतं. ज्या गावांना दिवसाची वीज मिळाली, तिथल्या माणसांची झोप परत आली. उरलेल्या गावांनी आणखी किती हिवाळे थांबायचं? निदान नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने तरी, आणि जंगलाला लागून असलेल्या शिवारांना सगळ्यात आधी, दिवसाची पाळी द्या. ही मागणी शेतकरी वर्षानुवर्षं करत आले आहेत. आता ती आपण शहरातल्या लोकांनीही केली पाहिजे, आणि गव्हाचं पहिलं पाणी सुटायच्या आत केली पाहिजे.