ट्रकमध्ये इन्व्हर्टर लावताय? आधी बॅटरीजवळ फ्यूज लावा

नागपूरहून रायपूरकडे जाणारी गाडी साकोली सोडते, सौंदड येतं, मग कोहमारा, देवरी आणि छत्तीसगडची हद्द. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. दिवसभर तापलेली केबिन रात्रीही लवकर निवत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, पण रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. शिवाय इंजिन बंद केलं की एसीही बंद. म्हणून ड्रायव्हर मंडळी पंख्यासाठी, मोबाइलसाठी इन्व्हर्टर बसवून घेतात. त्यात काहीच गैर नाही. ज्याला पहाटे पुन्हा स्टिअरिंग धरायचं आहे, त्याला झोप मिळालीच पाहिजे.

पण ड्रायव्हर भावांनो, तो बसवताना एक गोष्ट नीट समजून घ्या. २३० व्होल्टला सगळेच भितात, आणि भ्यायलाच हवं. बॅटरीकडून येणाऱ्या २४ व्होल्टच्या वायरीला मात्र कोणी जुमानत नाही, कारण तिचा झटका बसत नाही. आगीचा मोठा धोका तिथेच आहे. १००० वॉटचा भार टाकला तर २३० व्होल्टच्या बाजूला जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात. बॅटरीच्या बाजूला मात्र, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून, ५० च्या जवळ. आणि हीच वायर कुठे चेसिसला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. काही सेकंदांत तांबं लाल होतं आणि वरचं प्लास्टिक पेट घेतं.

ती टेकते कशी, हे गाडीखाली वाकून बघा. बॅटरीच्या पेटीतून निघालेली वायर केबिनच्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून वर येते. त्या भोकाची कड धारदार असते. गाडी दिवसभर थरथरते, वायर कडेवर घासत राहते आणि काही महिन्यांत आतलं तांबं उघडं पडतं. म्हणून भोकात रबरी ग्रोमेट हवाच, वायरीवर लवचिक पाइप हवा आणि दर फूटभरावर क्लॅम्प हवा. टोकाला लग दाबून बसवलेला पाहिजे. तारा पिळून वर टेप गुंडाळणं चालणार नाही.

एवढं करूनही फ्यूज हवाच. तो प्लस वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत लावा. इन्व्हर्टरच्या पोटातला फ्यूज इन्व्हर्टरला वाचवतो, मधल्या वायरीला नाही. १००० वॉटच्या २४ व्होल्टवाल्या इन्व्हर्टरला, अंतर दोन-तीन मीटर असेल तर, निदान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि डीसीसाठीचा ६० अँपिअरचा फ्यूज धरा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोबाइल चार्जरएवढाच भार टाका.

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कारचा १२ व्होल्टचा इन्व्हर्टर त्यातल्या एकाच बॅटरीला जोडणारे पुष्कळ भेटतात. तसं केलं की एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होऊन खराब होते. इन्व्हर्टर २४ व्होल्टचाच घ्या.

काम करताना हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. आधी मायनस सोडा. जोडताना मायनस शेवटी जोडा. इन्व्हर्टर गादीखाली, कपड्यांत किंवा बॅटरीच्या पेटीत ठेवू नका. त्याला हवा लागते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन एका ठिणगीने भडकतो. पेट्रोल, डिझेल, गॅसचा टँकर असेल तर इन्व्हर्टर लावूच नका.

आता रात्रीचा हिशेब. ६० वॉटचा पंखा आठ तास चालला तर साधारण २५ अँपिअर-तास जातात. १५० अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटऱ्यांना ते झेपतं. इंडक्शन शेगडीचं मात्र नावही काढू नका, ती एकटी ९० अँपिअर ओढते. बरेच इन्व्हर्टर २१ व्होल्टच्या आसपास आपोआप बंद होतात, पण तोवर सेल्फ मारायला बॅटरीत जीव उरलेला नसतो. छोटा व्होल्टमीटर लावून घ्या आणि आकडा २४ च्या खाली जायच्या आत इन्व्हर्टर बंद करा.

गाडीमालकांनो, ही वायर आणि फ्यूज ड्रायव्हरच्या खिशातून आणायला लावू नका. जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून काम करून घ्या, केबिनमध्ये पावडरचं अग्निशामक भरलेलं ठेवा. आणि ज्यांच्या गाडीत इन्व्हर्टर आधीच बसला आहे, त्यांनी आज गाडी थांबली की बॅटरीची पेटी उघडून बघा. प्लस वायरीवर फ्यूज दिसला नाही, तर तो बसेपर्यंत ती वायर सोडून ठेवा.