बॉर्डर्स ॲमेझॉनने बुडवलं नाही

2011 मध्ये तुमच्या गावातलं बॉर्डर्स बंद झालं, तेव्हा बहुधा तुम्हीही म्हणाला असाल, 'ॲमेझॉनपुढे कोण टिकणार? आणि हल्ली वाचतंय तरी कोण?' हे उत्तर सोयीचं आहे, पण खरं नाही. ज्यांनी हे दुकान बुडवलं, ते सगळे त्या उत्तरात अलगद सुटतात.

जरा मागे जाऊन बघा. 1971 मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे बॉर्डर्स बंधूंनी हे दुकान काढलं. कोणत्या शाखेत काय खपतं याचा हिशोब ठेवणारी त्यांची संगणक व्यवस्था त्या काळात इतरांच्या पुढे होती. तिथे नोकरी हवी असेल तर पुस्तकांवरची परीक्षा द्यावी लागे. 1992 मध्ये केमार्टने ते विकत घेतलं आणि 1995 मध्ये पुन्हा वेगळं केलं. 1999 मध्ये सीईओ आले ते सुपरमार्केटच्या धंद्यातून. मग पुस्तकंही साबणासारखी विकायचं ठरलं. कपाटात काय ठेवायचं, याचा सल्ला मोठ्या प्रकाशकांकडूनच घ्यायचा!

2001 मध्ये तर कहर झाला. बॉर्डर्सने आपली ऑनलाइन विक्री चक्क ॲमेझॉनच्या हाती सोपवली. स्वतःची वेबसाइट पुन्हा सुरू व्हायला 2008 उजाडलं. मधली सात वर्षं आपलंच गिऱ्हाईक आपण होऊन शेजारच्या दुकानात पाठवलं, आणि नंतर शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. लोक गाणी डाउनलोड करू लागले, तरी इथे सीडी-डीव्हीडींनी मजले अडवलेले. मोठमोठ्या जागांचे लांब मुदतीचे करार गळ्यात होतेच. शेवटच्या काही वर्षांत सीईओही एकामागून एक बदलत गेले. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात ते हेच.

फेब्रुवारी 2011 मध्ये दिवाळखोरी, जुलैत विक्रीला काढणं. उरलेली 399 दुकानं आणि सुमारे 10,700 नोकऱ्या गेल्या. निर्णय घेणारे वेगळे होते, घरी गेले ते कपाटं लावणारे.

'तरीही ॲमेझॉन होतंच ना?' असं तुम्ही म्हणाल. होतं, आणि त्याने गिऱ्हाईक ओढलंही. पण बार्न्स अँड नोबलच्या समोरही तेच ॲमेझॉन होतं. 2019 मध्ये ही साखळीही डबघाईला आलेली असताना एलियट या गुंतवणूक कंपनीने ती घेतली आणि जेम्स डॉन्ट यांच्याकडे सोपवली. त्यांनी इंग्लंडमध्ये वॉटरस्टोन्स सावरलं होतं. दर्शनी टेबलावर पुस्तक मांडण्यासाठी प्रकाशकांकडून पैसे घेणं त्यांनी थांबवलं, आणि काय मांडायचं हे त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोडलं. 2023 मध्ये याच साखळीने तीसहून अधिक नवी दुकानं उघडली. डॉन्ट काही संत नव्हेत. वॉटरस्टोन्सच्या कर्मचाऱ्यांनी पोट भरेल इतका पगार मागितला, तेव्हा 'परवडत नाही' हेच उत्तर मिळालं. पण वाचक मेलेला नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण आपल्या घरातलं आहे. परदेशातल्या आपल्या मंडळांची मराठी वाचनालयं आठवा. 'मुलं मराठी वाचत नाहीत, कपाट कशाला अडवायचं?' हे वाक्य तुम्ही समितीच्या बैठकीत ऐकलं असेल. आता विचारा: त्या कपाटात शेवटचं नवं पुस्तक कधी आलं? ते निवडलं कुणी, की घर बदलताना कुणीतरी टाकून गेलं? ते कुलूप कुठल्या दिवशी, किती वाजता उघडतं, हे कुणाला ठाऊक आहे? मंडळाचं बजेट ठरतं तेव्हा जेवणाच्या मेनूवर तासभर चर्चा होते. पुस्तकांवर किती मिनिटं होते?

या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत 'वाचक उरले नाहीत' हे कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. पुढच्या बैठकीत कपाटाची किल्ली मागा. आणि पुस्तकं निवडायचं काम वाचणाऱ्या माणसाकडे द्या, मग तो समितीवर असो वा नसो.