वयाचं माप, उन्हाचं माप



परवा आमच्या भांडीवाल्या मावशी रिकामी पिशवी घेऊन दारात येऊन टेकल्या. रेशनच्या दुकानातून धान्य न मिळताच परतल्या होत्या. "वहिनी, चारदा बोट लावलं, मशीन घेईना. माझंच बोट माझं न्हाई म्हनतंय!"

मावशी पन्नाशीच्या. आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायांसारखे त्यांनीही वीसेक हंगाम ऊसतोडीत काढलेले. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण जन्म सावलीत गेलेला. मी दोघींचे हात खिडकीच्या उजेडात शेजारी-शेजारी धरले. मावशींच्या पंजाची पाठ जाड, डागाळलेली, खोल रेघांची. सासूबाईंची पातळ, कागदासारखी. मग दोघींच्या दंडाची आतली बाजू पाहिली. तिथे मात्र मावशींची कातडी कितीतरी तरुण!

हेच पहिलं माप. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन फारसं लागत नाही, म्हणून तिथली कातडी नुसतं वय सांगते. पंजाची पाठ वय सांगते, शिवाय ऊन आणि कष्टही. त्वचेचा अभ्यास करणारे डॉक्टरही झाकलेली आणि उघडी जागा अशीच ताडून पाहतात. ऊसतोडीच्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, तो उगीच नाही. आपणही उन्हात वाळवणं घालताना हात झाकावेत.

दुसरं माप चिमटीचं. पंजाच्या पाठीवरची कातडी पाच अंक मोजेपर्यंत चिमटीत धरा, सोडा, आणि सपाट व्हायला किती अंक लागतात ते मोजा. लेकीची लगेच बसते, आपली जरा दमाने, सासूबाईंची आणखी सावकाश. कातडीला ताठ ठेवणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे वयाबरोबर कमी होतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोलॅजेन तर झपाट्याने घटतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाची चिमटी हळू बसली, की लगेच 'अंगातलं पाणी कमी झालं' असं धरू नका. जीभ कोरडी आहे का, लघवी थोडी आणि गडद होते का, तेही पाहा.

तिसरं माप अंगठ्याचं. शिक्क्याच्या शाईने कोऱ्या कागदावर घरातल्या सगळ्याजणींचे ठसे घ्या. लेकीच्या ठशात रेषा ठळक, सलग. वयस्कर बाईच्या ठशात फिकट, मधे-मधे पांढऱ्या चिरा. कोयता, भांड्यांची राख, धुण्याचा सोडा यांनी त्या आणखी झिजतात. मशीन वाचतं त्या ह्याच रेषा.

मग करायचं काय? काम झालं की साबणाने हात धुवून खोबरेल चोळा, रात्री तर नक्कीच. रेशनला जाताना मात्र तेलकट हाताने जाऊ नका. हात धुवा, पुसा आणि बोट कोरडं ठक्क असेल तर ओल्या फडक्याला टेकवून मग लावा. एक बोट नाही लागलं तर दुसरं लावून पाहा. आधारची सुरुवात २०१० साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी झाली. त्यात दहाही बोटांची आणि दोन्ही डोळ्यांची नोंद असते. ठसे फारच बदलले असतील तर आधार केंद्रात नव्याने देता येतात. आणि हे पदराला गाठ मारून ठेवा: केवळ बोट जुळलं नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मावशींबरोबर मीच गेले. अंगठा नाही, तर्जनी नाही. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं! पिशवी उचलत मावशी म्हणाल्या, "उजव्या हातानं कोयता धरला ना वहिनी, म्हनून डावं वाचलं."

तुमच्या घरातल्या थोरल्यांची बोटं एकदा कागदावर उमटवून बघाच.