हे जठर आहे, साडी नव्हे!

आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत समोर धार काढलेले म्हशीचे दूध पिऊन माणसे पैलवान होतात; मी नुसताच जाडा झालो. वर मधुमेह जडला. म्हणून पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे मी ठरविले आहे. ‘जरा तोंड आवरा’ म्हणणाऱ्या नातलगांना नमस्कार! तोंड आवरण्यातच माझी वीस वर्षे गेली.

पण माझे भांडण त्यांच्याशी नाही. परवा एका इस्पितळात गेलो, तर वजनाआधी हप्त्यांची चौकशी! दिवाळीपूर्वी नाव नोंदविल्यास सूट! अहो, ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग कापून काढतात. तो परत मिळत नाही. पुढे जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या. मी विचारले, “आहारतज्ज्ञ कोण? पाचव्या वर्षी मला कोण तपासणार?” उत्तरादाखल एका सडपातळ गृहस्थाचे छायाचित्र पुढे आले.

2017 साली मुंबईत इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. वजन भराभर उतरल्याचे आकडे आपण कौतुकाने वाचले. त्याच सप्टेंबरात अबुधाबीत त्या वारल्या. हृदय आणि मूत्रपिंडाचे विकार काट्यावर दिसत नाहीत.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी आधी माझी तंबाखूची पुडी काढून घेतली, यकृत आकसावे म्हणून दोन आठवड्यांचा आहार लिहून दिला आणि “पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या” म्हणाले. पैसा एक कमी केला नाही. तेथेच नाव घातले आहे. तेव्हा मंडळी, यंदा फराळाचा डबा आमच्याकडे पाठवू नये.