एका समासाचा विग्रह

मराठीच्या मास्तराला बाजारात फारशी किंमत नसते, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तरी आज बाजारातलीच गोष्ट सांगायला बसलो आहे. कारण नवी मोटार घेताना हिशेबाइतकेच व्याकरणही उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

मोटारीच्या दुकानात गेले की दोन किमती कानावर पडतात. एक ‘एक्स-शोरूम’ आणि दुसरी ‘ऑन-रोड’. पहिली जाहिरातीत असते, दुसरी आपल्या खिशातून जाते. ही जी ‘ऑन-रोड’ किंमत आहे ना, ती माझ्या मते एक समास आहे. आणि तोही समाहार द्वंद्व. ‘मीठभाकर’ म्हटले की नुसते मीठ आणि भाकर एवढाच अर्थ होत नाही. कांदा, चटणी, ठेचा असे न उच्चारलेले पदार्थही त्यात येऊन बसतात. ‘ऑन-रोड’मध्ये तसेच होते. गाडी, कर आणि विमा ही पदे उघड दिसतात. पण त्यांच्या आडोशाने आणखी कितीतरी मंडळी पंगतीला बसलेली असतात. समास आला की विग्रह करावा, हे आपण शाळेत शिकलो. दुकानात मात्र ते नेमके विसरतो.

असे का होते? मंडईत दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पाच मिनिटे हुज्जत घालणारे आपण, गार हवेच्या दुकानात कोणी कॉफीचा पेला पुढे केला की दहा-पंधरा हजारांच्या ओळीवर मुकाट्याने सही करतो. मला वाटते, याचे मूळ टंचाईच्या दिवसांत आहे. आपल्या वडिलांच्या पिढीने स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तेव्हाही नंबर लागणे हेच भाग्य होते. गाडी ‘मिळत’ असे; ‘विकत घेतली’ म्हणण्याची सोय नव्हती. १९९३ मध्ये मोटार उद्योगाचा परवाना उठला, दुकाने वाढली, विक्रेतेच गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले. पण आपल्या मनातली रांग अजून मोडलेली नाही. विक्रेत्याने गाडी दिली म्हणजे उपकारच केले, अशा नम्रतेने आपण त्याच्यासमोर बसतो.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका सहकाऱ्यांना गेल्या वर्षी गाडी घ्यायची होती. हौस म्हणून नव्हे. घरी वृद्ध आई, तिला आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागे, आणि रिक्षात चढताना तिचे हाल होत. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेले पैसे आणि वर कर्ज, असा सगळा बेत. सोबतीला मला नेले होते. विक्रेता तरुण, गोड बोलणारा. त्याने कागद पुढे सरकवला आणि खालच्या बेरजेवर बोट ठेवले. सहकारी खिशातले पेन काढू लागले. तोच वहिनी म्हणाल्या, “अहो, थांबा जरा. दादा, मला एकेक ओळ सांगा बरं. हे पैसे कोणाला जातात?”

वहिनींनी व्याकरण कधी शिकवलेले नाही. पण विग्रह याहून चोख कोणी करणार नाही. प्रत्येक ओळीला त्यांचा तोच प्रश्न, आणि प्रत्येक ओळीचे उत्तर तिघांपैकी एकाच्या दारात जाऊन थांबले: सरकार, विमा कंपनी किंवा स्वतः विक्रेता.

सरकारच्या दारात घासाघीस नाही. वस्तू व सेवा कर एक्स-शोरूम किमतीतच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर तो १८ टक्के झाला आहे. तेव्हा कोणी जुने दरपत्रक दाखवू लागला तर आधी त्यावरची तारीख पाहावी. त्यानंतर नोंदणी आणि रस्ता कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर विक्रेता आणखी एक टक्का आयकरापोटी गोळा करतो. तो मात्र वर्षअखेर विवरणपत्र भरताना आपल्या करातून वजा मिळतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

विम्याच्या दारात निवड आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सगळीकडे सारखाच असतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कंपनीगणिक बदलतो. तो दुकानातूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. मात्र तुलना करताना गाडीची विमा-किंमत आणि जोडसंरक्षणे दोन्हीकडे सारखीच धरावीत, नाहीतर स्वस्त विमा ऐन वेळी महाग पडतो.

आणि तिसरे दार विक्रेत्याचे. खरे बोलणे इथेच करायचे. ‘हँडलिंग’ नावाची एक ओळ असते. तिचा अर्थ वहिनींनी विचारला तेव्हा तो तरुण म्हणाला, “मॅडम, गाडी गोदामातून इथे आणायची असते ना!” वहिनी म्हणाल्या, “मग दुकानात नसलेली गाडी तुम्ही विकता कशी?” ती ओळ साडेआठ हजारांची होती, ती खोडली गेली. पायपुसणी, आसनांची आवरणे आणि चकाकीचा लेप यांचा बावीस हजारांचा संच होता. त्यातली पायपुसणी तेवढी राहिली. विमा बाहेरून आणल्यावर आणखी चौदा हजार उतरले. पायपुसण्यांचे दोन हजार धरूनही साडेबेचाळीस हजार वाचले. त्या घरात एवढ्या पैशांत धाकटीची वर्षाची फी भागते.

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असेल तर दोन्ही व्यवहार निराळे ठेवावेत. आधी नवीचा भाव पक्का करावा, मग जुनीचा विषय काढावा. एरवी एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने कधी परत गेली ते कळत नाही.

आता मुहूर्ताबद्दल. दसरा-पाडव्याला दारात गाडी उभी राहावी, ही इच्छा गोडच आहे. पण आपला मुहूर्त विक्रेत्यालाही ठाऊक असतो, आणि घाई ज्याची अधिक त्याचा भाव पडता असतो. विक्रेत्याचेही मुहूर्त असतात. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि विशेषतः डिसेंबर. वर्ष उलटले की गोदामातली गाडी ‘गेल्या वर्षीची’ होते, म्हणून तेव्हा सूट मोठी मिळते. ती घ्यावी, पण डोळसपणे. कारण पुढे गाडी विकताना तेच वर्ष आपल्याही आड येते. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष नोंदलेले असते. नोंदणी होण्यापूर्वी गाडी उजेडात पाहावी आणि चासी क्रमांक कागदाशी ताडून घ्यावा. ठरलेले सगळे लेखी असावे. तोंडी सूट ही लुप्त अकारासारखी असते. आहे म्हणतात, पण दिसत नाही.

वाचकहो, याचा अर्थ विक्रेत्याला नागवावे असा नाही. त्यालाही दुकानाचे भाडे आहे, नोकरांचे पगार आहेत, समोरच्या त्या तरुणाच्या घरीही दिवाळी आहे. आपल्याकडे ‘रास्त भाव’ असा सुंदर शब्दप्रयोग आहे. ‘रास्त’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ सरळ, खरा. रास्त भाव सर्वांत कमीच असतो असे नाही. जो ओळीओळीने मोठ्याने वाचता येतो, आणि वाचताना देणारा किंवा घेणारा, कोणाचीच मान खाली जात नाही, तो रास्त भाव. तेवढा मागण्यात लाजण्यासारखे काय आहे?