सह्या सगळ्यांच्या, जबाबदार कोणीच नाही

धारवाडला मावशीकडे जायचं असलं की मी हुबळीला उतरून 'चिगरी' पकडतो. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरिण. बस खरंच हरणासारखी पळते. रस्त्याच्या मधोमध तिची राखीव वाट आणि बाजूच्या उरलेल्या रस्त्यावर गाड्या, रिक्षा, दुचाक्या यांची खेचाखेची. मावसभाऊ रोज त्यातूनच कामाला जातो. तो म्हणाला, "ह्या बीआरटीएसला शिव्या न देणारा मला दाखव. आणि ती बंद होईल असं मानणाराही दाखव!"

त्याचं दुसरं वाक्य डोक्यात बसलं. आंदोलनं झाली, निवेदनं गेली, तरी राखीव वाट आहे तिथेच आहे. लोकशाहीत लोकांना नको असलेली गोष्ट टिकते कशी?

आता हा हिशेब बघा. बीआरटीएसची कंपनी 2012 साली स्थापन झाली तेव्हा कर्नाटकात भाजपचं सरकार होतं. बांधकाम बरंचसं काँग्रेसच्या काळात झालं. ऑक्टोबर 2018 मध्ये बस सुरू झाली ती जनता दल-काँग्रेस आघाडी असताना आणि फेब्रुवारी 2020 मध्ये उपराष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा पुन्हा भाजप. मग मतदाराने शिक्षा करायची कुणाला? मत हे नावाला द्यायचं असतं. इथे नावच शिल्लक नाही!

बरं, उद्घाटनाच्या वेळी गावात महापौर तरी होता का? महापालिकेची मुदत 2019 मध्ये संपली, निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये आणि महापौर मिळाला मे 2022 मध्ये. ज्यांच्या दारातून रस्ता जातो त्यांचा नगरसेवकच नव्हता.

मी कारकून माणूस. नवी फाईल उघडायला उत्साह पुरतो, जुनी बंद करायला कारण लिहून खाली सही करावी लागते. शेकडो कोटी खर्च झाल्यावर 'चुकलं' असं लिहून सही कोण करणार? दिल्लीने केली. 2008 चा मार्ग 2016 मध्ये उखडला. पण तो जेमतेम सहा किलोमीटरचा आणि उखडणारं सरकार नवंकोरं, जुन्या फाईलवर त्यांची सही नव्हती. हुबळी-धारवाडचा मार्ग आहे बावीस किलोमीटरचा.

योजना वाईटच होती असं मी म्हणत नाही. मी स्वतः त्याच बसने आरामात जातो, आणि बसने जाणारे मोर्चा काढत नाहीत. पण पुन्हा विचारायची सोयच नसणं, ही खरी खोट आहे.

आपण गोंयकारांनी हसू नये. मांडवीतले कॅसिनो हटवू म्हणणारे सत्तेवर आले की मुदतवाढ देतात, हे आपण किती वेळा पाहिलं? मात्र प्रादेशिक आराखडा 2011 आपण जानेवारी 2007 मध्ये रद्द करून घेतला. का जमलं? तो तेव्हा कागदावर होता म्हणून. कागद फाडता येतो, काँक्रीट नाही.

तेव्हा आरडाओरडा करायचा तर आधी करा, मसुदा निघतो तेव्हा. नारळ फुटल्यानंतर लोकशाहीचा आवाज फक्त हॉर्नएवढाच उरतो.